घंटा वाजली की प्रार्थना

३ फेब्रुवारी

जगातली बाकीची गाणी संपली होती का!

संध्याकाळी दादाकडे गेले. त्याच्या चिमणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सारलेला, गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा, आणि मधोमध सगळं घर घामाघूम — दादा, वहिनी, चिमणी, तिचा होणारा नवरा, त्याचे आईवडील. लग्नात सगळे मिळून नाचणार म्हणे. शिकवायला एक चुणचुणीत मुलगी ठेवली आहे, गळ्यात शिट्टी.

आणि गाणं? त्या गायकाचं, चंदेरीचं. ते थांबायचं गाणं.

"चला, आता थांबा! हात जोडा! माना खाली! हं — दोन, तीन, चार... आणि सुटा!"

भर नाचात ढोल बंद होतो, प्रार्थनेसारखे चार संथ सूर येतात, सगळे जिथल्या तिथे हात जोडून उभे राहतात, आणि मग पुन्हा धडाडधूम. चाळीस वर्षं होऊन गेली, लोक अजून त्या जागेसाठी वेडे आहेत. बोबडं बोलणाऱ्या पोरांनासुद्धा येतं. अडुसष्ट वर्षांचा माझा भाऊ हात जोडून, डोळे मिटून उभा, आणि वहिनी त्याच्या पोटाकडे बघून खुदुखुदु हसतायत.

मी पर्स उचलली. पण जीभ राहते कुठे जागेवर. म्हटलं, "नान्याला कार्ड पाठवलंस ना?"

सगळे थांबले. या वेळी हात न जोडता.

दादा म्हणाला, "बेबी, चहा घेशील का तू?"

नको मला तुझा चहा.

४ फेब्रुवारी

डोकं ठणकत होतं. गोळी घेतली. डोकं थांबलं. राग नाही थांबला.

५ फेब्रुवारी

हे कधीच कुठे लिहिलं नाही. तेव्हा तसंच ठरलं होतं, कागदावर काही नको. आता कोण येणार आहे वाचायला? लिहितेच.

मी बावीस वर्षांची, माझा धाकटा भाऊ नान्या वीस. आमच्या मागच्या गल्लीत लाँड्री होती, आणि तिच्या माडीवर एक लांबट खोली. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथे जमायचो. जिन्यावर पाटी — 'समूहगान वर्ग'. खालून वाफ यायची फळ्यांच्या फटींतून. सगळ्या खोलीला खळ आणि गरम कापडाचा वास. अजून कुठे नुसती इस्त्री फिरली तरी मी बावीस वर्षांची होते.

समूहगान कसलं! बँकेतले एक हेडक्लार्क, दोन नर्सेस, गणिताचे मास्तर, बस कंपनीतला एक देखणा मेकॅनिक, अजून कोण कोण. पुरुष पुरुषांबरोबर नाचायचे, बायका बायकांबरोबर. बाकी आठवडाभर ही माणसं मान खाली घालून जगायची. शनिवारी मान वर. एवढंच पाप.

नान्या गायचा. गाणी स्वतःच करायचा, स्वतःच गायचा, गळ्यात आईचा हिरवा रेशमी स्कार्फ, कपाटातून पळवलेला. दर शनिवारी तो इस्त्री होऊन बरोबर सगळ्या कपड्यांच्या वर पडलेला असायचा. नान्या म्हणायचा, "माझ्या नशिबालाच इस्त्री आहे ग, ताई!" शनिवारी आई लाँड्रीत चादरी टाकायला यायची, म्हणून आम्ही मागच्या जिन्यानं चढायचो. दिसलो तर काय सांगायचं?

पियानो मी वाजवायचे. कॉन्व्हेंटमधली विद्या! संगीताच्या सिस्टर रूळ हातात घेऊन मागे उभ्या राहायच्या. "एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना दार आपटायचं नाही, मुली. कुणाला कळताच कामा नये की तू खोली बदललीस." किती वेळा बोटांवर रूळ खाल्ला असेन. आणि ती विद्या कामाला कुठे आली, हे सिस्टरना कळलं असतं तर!

खाली लाँड्रीच्या काउंटरवर एक बटण होतं, वर माडीवर त्याची घंटा. पूर्वी कामगारांना हाक मारायला बसवलेली. रस्त्याच्या टोकाला पोलिसांची गाडी वळली की दोन टोले. दोन टोले पडले की मी नाचाच्या गाण्यातून प्रार्थनेत शिरायचे — सिस्टरनी शिकवलेली सांजेची प्रार्थना. पण दार न आपटता. जिना चढणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही मंडळी मघापासून देवाचंच नाव घेतायत. जोड्या सुटायच्या, खुर्च्यांवर बसायच्या, प्रत्येक खुर्चीवर प्रार्थनेचं पुस्तक ठेवलेलंच असायचं. हवालदार दारात उभा राहायचा. एकदा एकानं टोपी काढली. "छान म्हणता हो," म्हणाला. हेडक्लार्कांच्या हातातलं पुस्तक उलटं होतं!

तो गेला की मी तशीच परत गाण्यात. जिथे सोडलं होतं तिथूनच.

पुढे पुढे नान्यानं ती जागा त्याच्या गाण्यात कायमचीच बसवली. घंटा न वाजताही आम्ही थांबायचो, हात जोडायचो, आणि मग हसत सुटायचो. भीतीची नक्कल केली की भीती जरा बुटकी होते.

तर हे आहे ते थांबणं. आम्ही ज्या भीतीनं हात जोडायचो तिला आता शिट्टी वाजवून 'दोन, तीन, चार' म्हणतात.

घंटा लाँड्रीवाले काका वाजवायचे. मी एकदा आभार मानायला गेले तर म्हणाले, "बटण काउंटरवर आहे, पोरी. ज्याचा हात पोचेल तो दाबतो." तेव्हा मला वाटलं होतं, केवढा हा विनय!

८ फेब्रुवारी

मी संगीत शिकवते त्या शाळेतही तेच. स्नेहसंमेलनात चौथीची मुलं त्याच गाण्यावर नाचणार आहेत. मी म्हटलं, पियानोवर मी ते वाजवणार नाही. मुख्याध्यापिका बाईंना काही समजेना. "अहो, केवढं निर्मळ गाणं आहे. मध्ये प्रार्थनासुद्धा आहे!"

निर्मळ! हेच गाणं आम्ही गात होतो तेव्हा आम्ही घाण होतो. चंदेरीनं डोळ्यांत काजळ घालून, चकाकता कोट चढवून टीव्हीवर म्हटलं आणि निर्मळ झालं. त्या वर्षी प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो. कॉलेजची पोरं काजळ घालून फिरायला लागली आणि त्यांच्या आया कौतुकानं हसायच्या. "चंदेरीचं खूळ आहे हो, जाईल." साबणाच्या जाहिरातीत ते गाणं, निवडणुकीच्या गाडीवर ते गाणं. निवडणुकीच्या! ज्यांच्या राज्यात आमच्या माणसांना गाडीत कोंबून नेलं त्यांच्याच गाडीवर.

मधल्या सुट्टीत चित्रकलेचे सर माझ्याजवळ येऊन बसले. तिशीतला मुलगा, नाकावर नेहमी रंगाचा ठिपका. हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्हाला त्या गाण्याचा एवढा राग का? मी घरी सांगितलं ना माझ्याबद्दल, ते त्या गाण्यामुळे सांगू शकलो."

मी हातातला डबा बाजूला ठेवला.

"बाबांना शब्दच सापडेना. मग म्हणाले, म्हणजे तू त्या चंदेरीसारखा आहेस असं म्हणायचंय का तुला? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग असं सांग ना नीट, मला वाटलं नोकरी गेली तुझी."

सर हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आमच्या बाबांना असा एक शब्द मिळाला असता तर? त्यांच्याकडे फक्त 'तसला' होता.

म्हणजे दार उघडलं, हे खरं. नाही म्हणून चालणार नाही. गाण्यानं जे केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं — लोकांच्या घरात शिरलं, जेवणाच्या टेबलाशी बसलं, पोरांच्या तोंडी गेलं. मग एवढा संताप का होतोय माझा? कारण ज्यानं आतून कडी काढली तोच अजून बाहेर उभा आहे.

१० फेब्रुवारी

टीव्हीवर चंदेरीची मुलाखत. आता सत्तरीचा, केसही चंदेरी. मुलाखतकार मुलीनं विचारलं, ते थांबणं कुठून सुचलं? तर साहेब डोळे मिटून म्हणतात, "लहानपणी आजीचा हात धरून प्रार्थनेला जायचो... ती शांतता माझ्या आत राहिली."

आजी! अरे, माडीवरच्या खिडकीपाशी लिंबाचं सरबत पीत बसायचास, कोपऱ्यात, अंग चोरून! तुझ्या आजीनं कुठलं आणलं ते! चोर तो चोर, वर शिरजोर. उशी फेकली टीव्हीवर. नेम चुकला.

तशीच नान्याला फोन केला. तो लांबच्या गावात असतो, त्याच्या ड्रायव्हरबरोबर. ड्रायव्हर म्हणजे बस चालवायचे, आता दोघांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षांचा संसार. भांडतात अगदी नवराबायकोसारखे, पंक्चर कुणी काढायचं यावरून.

"बघितलंस का चोराला?" मी म्हटलं.

"बघितलं. म्हातारा झाला ग. पण आवाज आहे अजून."

"नान्या!"

"ताई, तो चोर नाही. मी दिलं त्याला गाणं."

इतकी वर्षं बोलला नाही हा.

"माडीला कुलूप लागल्यावर. मग गाणं ठेवणार कुठे होतो मी? खिशात?"

"नाव तरी घालायला सांगायचंस तुझं."

"माझं नाव तेव्हा पेपरात येऊन गेलं होतं. त्या नावाचं गाणं लावलं असतं कुणी?"

तर हाच माझी समजूत काढायला लागला. "काल बसस्टँडवर एक आजीबाई मोबाइलवर ऐकत होत्या. ती जागा आली, बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. मी बघत बसलो, माझी बस गेली. मला ज्या घरात येऊ दिलं नाही तिथे ते जाऊन बसलंय, ताई. काय वाईट आहे त्यात?"

"सगळं वाईट आहे."

"बरं, आहे." मग विचारलं त्यानं, "चिमणीचं लग्न कधी म्हणालीस?"

"पंचवीसला."

"ह्यांनी जबरदस्तीनं कोट शिवायला लावला मला. राखाडी. नाही बोलावलं तर दुकान उघडताना घालीन म्हटलं. गिऱ्हाईक तरी घाबरेल."

मागून ड्रायव्हरचा आवाज, "जबरदस्ती कसली, तीन वेळा गेलाय मापं द्यायला!"

फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या कोटाचाच विचार. राखाडी. बटणं कसली लावली असतील?

१३ फेब्रुवारी

दादाच्या दुकानात गेले. रंगाचं दुकान. घरी गेले असते तर चहाच्या कपामागे लपला असता. इथे डब्यांच्या थप्प्या आहेत, पण त्यांच्या मागे तो मावत नाही.

"बेबी, लग्नघरात हा विषय नको."

"हे लग्नघर नाही, दुकान आहे."

"लोक काय म्हणतील—"

"लोक त्याच्या गाण्यावर नाचणार आहेत! तूसुद्धा. तुझं पोट हलतं तेव्हा वहिनी हसतात, ते गाणं त्याचं आहे, दादा!"

हातातल्या रंगांच्या पट्ट्या त्याने पुन्हा पुन्हा लावल्या. पिवळे, निळे, पुन्हा पिवळे. मग ते वाक्य आलं. दर वेळी येतंच.

"आई कुणामुळे गेली?"

बस. झालं. एकेचाळीस वर्षं हे एक वाक्य आमच्या तोंडावर फेकून हा मोकळा होतो. "चांगली हिंडतीफिरती बाई. त्या दिवसाची हाय खाल्ली तिनं. वर्षसुद्धा काढलं नाही."

खाल्ली हाय. मान्य. समोर बसून बघितलंय मी. जेवण पुढ्यात निवायचं, ती खिडकीबाहेर बघत बसायची. पण हाय खायला लावली कुणी? नान्यानं? का दाराला आतून कडी घालणाऱ्या बाबांनी? का त्या कडीला हात न लावणाऱ्या तू?

हे सगळं मी म्हणाले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती आम्हाला बघत राहिली.

दादा म्हणाला, "तो येणार नाही. संपला विषय." आवाज मात्र फाटका होता. कोडगेपणा, दुसरं काय!

त्या शनिवारी घंटा वाजली नाही. एवढंच. मी नाचाचंच गाणं वाजवत होते आणि दार उघडलं. पुस्तकं खुर्च्यांवर, माणसं एकमेकांच्या मिठीत. नान्याच्या गळ्यात स्कार्फ. सगळ्यांना नेलं, मला सोडलं. "ही नुसती बाजा वाजवणारी." दुसऱ्या दिवशी पेपरात नावं, पत्त्यांसकट. मास्तरांची नोकरी गेली. हेडक्लार्क दुसऱ्या देशात निघून गेले म्हणतात. नान्याला तिसऱ्या दिवशी सोडलं, तो दारात आला, आणि आतून कडी.

मी पायऱ्या उतरून लाँड्रीत गेले होते भांडायला. "काका, घंटा का नाही वाजवली?" त्यांनी मान वर केली नाही. शर्टाची कॉलर दाबत राहिले. विकला गेला असेल, म्हटलं मी. पुढे ते वारले तेव्हाही गेले नाही. त्या गल्लीतून जावं लागलं तर अजून मान फिरवते.

१५ फेब्रुवारी

कार्ड आलं. जाड कागद, सोनेरी कडा. माझ्या एकटीच्या नावाचं.

१८ फेब्रुवारी

चिमणी आली. हातात मेंदी नाही का काही नाही, नुसती धावपळीत. एकतीस वर्षांची झाली तरी पायातली चप्पल अजून दोन दिशांना काढते. दादाचं उशिरा झालेलं लेकरू, माझ्या मांडीवर पियानोच्या पट्ट्या बडवत वाढलेली. तिच्यावर रागावता येत नाही.

"आत्या, एक आयडिया! नाचात ती थांबायची जागा आहे ना, तेवढ्यात तू पियानो वाजवायचास. खराखुरा. हॉलमध्ये आहे पियानो. कसलं भारी होईल!"

मी म्हटलं, "बस."

आणि सांगितलं. सगळं. माडी, वाफ, दोन टोले, उलटं पुस्तक. गाणं कुणाचं ते. नान्या काका कोण, हे तिला एका कोपरा कापलेल्या फोटोपुरतं माहीत होतं.

ती ऐकत गेली. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे आम्ही हात जोडतो ते... पोलीस आले म्हणून?"

"हो."

"आणि मी शाळेत बक्षीस घेतलंय ना त्या नाचाला. बाबा पहिल्या रांगेत होते. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"असतील."

"त्यांना माहीत होतं?"

"गाणं कुणाचं ते? पहिल्या दिवसापासून."

ती उठली. चप्पल एकच सापडली, दुसरी सोफ्याखालून काढली. दारात म्हणाली, "कसा आहे तो? काका?"

"विनोदी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिला रडू आलं. माझंच चुकलं असेल. लग्नाच्या तोंडावर पोरीच्या गळ्यात काय बांधलं मी! पण नाही चुकलं. नाहीच.

२० फेब्रुवारी

वहिनींचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

"झालं समाधान, वन्सं? पोरगी म्हणते काका नाही तर नाच नाही. हे म्हणतात, मग नको नाच. दोघं एका टेबलावर जेवत नाहीयेत. शिट्टीवाली येऊन परत गेली. तुम्हाला घर फोडायचंच होतं तर लग्नानंतर फोडायचं."

"घर मी नाही फोडलं, वहिनी. ते आधीपासून फुटलंय. तुम्ही वर गालिचा घातलात."

"मला नका शिकवू. माझ्या वेळीसुद्धा ह्याच माणसानं विचका केला होता. आमच्याकडे चहाला आला होतात तुम्ही लोक, आमचं पक्कं करायला. तोच शनिवार! माझी आई एवढी नटूनथटून, आणि तुमच्या आई बघाल तर सारख्या घड्याळाकडे. दोनदा उठल्या जायला. ह्यांनी बसवलं म्हणून बसल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं, ह्या घरात काहीतरी आहे."

"मी नव्हते त्या चहाला."

"कशाला असाल? तुम्ही तिकडे प्रार्थना म्हणत होतात ना."

फोन मीच आपटला. दार आपटायचं नाही, म्हणे! आज आपटलं, सिस्टर. चांगलं जोरात आपटलं.

२१ फेब्रुवारी

शाळेत चौथीच्या मुलांची ती जागा चुकली. मी ओरडले त्यांच्यावर. एक मुलगी हात जोडून तशीच उभी राहिली, घाबरून. खरीखुरी घाबरून. तिला जवळ घेतलं. घरी येऊन पियानोला कुलूप.

२३ फेब्रुवारी

सकाळी दारात दादा. एकटा. आत आला आणि पियानोच्या स्टुलावर बसला, बूटसुद्धा न काढता.

"त्या शनिवारी, चहाला, आई सारखी उठत होती," तो म्हणाला. "मला लाँड्रीत जायचंय म्हणे. मी हात धरून बसवली. म्हटलं, एक दिवस चादरी नाही टाकल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मला कळेना. चादरींचं काय आता?

"जाण्याच्या आदल्या दिवशी मला सांगितलं तिनं. काका मागे मशीनवर असायचे, बेबी. त्यांना रस्ता कुठला दिसायला. काउंटरशी, खिडकीजवळ आई बसायची. दर शनिवारी. घंटा आई वाजवायची. काकांना तिनं शपथ घातली होती, पोरांना कळू देऊ नका, लाजतील."

हिरवा स्कार्फ. इस्त्री केलेला. सगळ्यात वर.

"तिनं हाय खाल्ली ती त्याची नाही. माझी," दादा म्हणाला. "तो समोर आला तर हे सांगावं लागेल. म्हणून..." पियानोच्या बंद झाकणावर दोन्ही हात ठेवून बसला.

मी नान्याला फोन लावला. परवा लग्न आहे, आज निघाला तर पोचेल. खूप वेळ रिंग गेली. मग मागे सायकलची घंटा, कुणीतरी हसल्याचा आवाज, आणि नान्या.

"बोल, ताई."

मी फोन दादाच्या हातात दिला.